बॅटींचे कपाट आणि टेबलाची पलीकडली बाजू

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा दातांच्या कवळ्या बनवणे, आता निवृत्त, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हा कागद लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्या माणसाच्या कपाटात कपड्यांपेक्षा टेबल टेनिसच्या बॅटी जास्त आहेत, त्याच्या डोक्याविषयी पुढेमागे प्रश्न निघू शकतो, असे वकीलबाईंचे मत पडले.

पुढल्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. सर्जन म्हणाले, "काळजी नको, नवी झडप छान बसेल." नव्या वस्तूबद्दल असे आश्वासन मी स्वतःला आजवर इतक्यांदा दिले आहे की आता त्यावर पटकन विश्वास बसत नाही. म्हणून हा कागद. हे माझे पहिलेच मृत्युपत्र. ते मी बदलणार नाही असे लिहिणार होतो, पण माझ्या तोंडी ते शोभत नाही.

कलम १. राहते घर, बँकेतील शिल्लक आणि घरातील सर्व सामान माझ्या पत्नीच्या नावे करावे. तिच्या पश्चात ते आमच्या मुलीकडे जावे. मुलीने यावर "बाबा, मला काही नको" असे म्हटले आहे. ते मनापासूनचे आहे हे मी जाणतो, तरीही ते कायद्याने ग्राह्य धरू नये.

कलम २. वर्कशॉपमधील पॉलिशचे मशीन, शिकंजा, कानशी, मेणाचे चाकू आणि लहान तोलकाटा माझ्याबरोबर इतकी वर्षे काम केलेल्या सहकारी बाईंना द्यावा. त्या तोलकाट्यावर मी दातांच्या पावडरीपेक्षा बॅटींची रबरेच जास्त तोलली, हे त्यांनी पाहिले आणि कधी कोणाला सांगितले नाही. त्यांचा मी ऋणी आहे.

कलम ३. आता कपाट. यात नेमके काय आहे, हे माझ्यामागे उघडणाऱ्याला कळावे म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बॅट म्हणजे एक लाकडी फळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेले रबर. फळी जलद असते, संथ असते, हलकी असते, पुढे जड असते. रबर गुळगुळीत असते, चिकट असते, दाणेदार असते. त्याखालचा स्पंज जाड-पातळ, मऊ-कडक. यांच्या जोड्या किती होतात याचा हिशोब मी एकदा करायला बसलो होतो, पण पत्नीने जेवायला बोलावले.

क्लबात सामना हरलो की मी घरी येऊन बॅट तोंडासमोर धरून बघत असे. खेळात खोट आहे असे मला कधी वाटतच नसे. रबर संथ आहे, असे वाटे. मग जलद रबर आणायचे. पहिल्या संध्याकाळी चेंडू असा सुटायचा की वाटायचे, मिळाली, हीच ती बॅट. आठवडा उलटला की तेच चेंडू नेटमध्ये आणि तेच टेबलाबाहेर. मग फळी बदलायची. मग फळी बदलल्यामुळे रबर बदलायचे. कवळ्यांच्या शिकंज्यात नवी बॅट दाबून ठेवून डिंक सुकण्याची वाट पाहत बसायचो, त्या वेळेइतका सुखी मी दुसऱ्या कशात नव्हतो.

पत्नी एकदा म्हणाली, "दात बोचले तर माणूस कवळी बदलतो. तुमची बॅट नक्की कुठे बोचते, तेवढं सांगा."

दुसऱ्या दिवशी मी आणखी एक रबर आणले. पण तिने कपाटाला कुलूप लावले नाही आणि एकही बॅट कधी माळ्यावर टाकली नाही. पुढे जे झाले ते त्यामुळेच होऊ शकले.

कलम ४. जुनी येणी.

माझ्या मेहुण्याने माझी एक सुंदर हलकी फळी नेऊन तिने तंबूच्या खुंट्या ठोकल्या. परत दिली तेव्हा म्हणाला, "दाजी, मजबूत आहे हो." ती टवका उडालेली फळी मी त्याच्याच नावे करतो. आणखी काही नाही.

क्लबच्या सेक्रेटरींनी डिंकाच्या वासावरून मला सगळ्यांदेखत हॉलबाहेर काढले आणि जिन्यात बसून रबर चिकटवायला लावले. वर्षानुवर्षे मी त्यांच्याशी कामापुरते बोललो. तो राग मी आता सोडतो. त्यांना काही देत नाही, आणि म्हणूनच ते या कागदावर साक्षीदार होऊ शकतात. ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे वकीलबाईंनी बजावले आहे.

तिसरे येणे चिकटकडून. चिकट हे मी ठेवलेले नाव, हा माझा क्लबमधला प्रतिस्पर्धी. टपाल खात्यात होता. जन्मात त्याने एकच बॅट वापरली. तिचे रबर पाटीसारखे गुळगुळीत झाले आहे आणि कडेला जखमेवर लावतात ती पट्टी गुंडाळली आहे. त्याला कोणी जोरात मारताना पाहिलेले नाही. तुम्ही काहीही करा, चेंडू त्याच संथपणे परत येतो, पुन्हा येतो, पुन्हा येतो, आणि शेवटी तुम्हीच वैतागून बाहेर मारता. माझे बहुतेक पराभव त्याच्या हातून झाले. एकदा मी महागाचे परदेशी रबर लावून गेलो, हरलो, आणि हात मिळवताना त्याला म्हणालो, "आज नवं रबर होतं." तो म्हणाला, "हो का? मला नाही जाणवलं."

हे वाक्य मी त्याला माफ करणार नव्हतो. शेवटी माफ का केले, ते पुढच्या कलमात आहे.

कलम ५. माझी पत्नी मोजणी खात्यात नकाशे काढायची. कॉम्प्युटर आल्यावरसुद्धा अवघड नकाशा असला की साहेब तिच्याच टेबलाशी येत. निवृत्तीनंतर काही वर्षांनी तिचे अक्षर लहान होऊ लागले. वाणसामानाची यादी मुंगीच्या पायांसारखी दिसायला लागली. मग उजवा हात नुसता मांडीवर ठेवला तरी थरथरायचा. डॉक्टरांनी कंपवात सांगितला.

तिने रडारड केली नाही. पण चहा सांडतो म्हणून कोणाकडे जाईना, कोणी आले तर हात पदराखाली धरून बसे. मुलगी आली की दोघी हसत, मुलगी गेली की ही खिडकीशी. मी आयुष्यभर लोकांच्या तोंडात बसेल असे काहीतरी बनवून दिले, आणि माझ्याच घरात मला काही सुचेना.

व्यायाम शिकवायला बाई येत. त्यांनी एके दिवशी सहज म्हटले, "या आजारात टेबल टेनिसचा काही जणांना फायदा होतो. पण आता ते साहित्य कुठे शोधणार तुम्ही?"

पत्नीने माझ्याकडे पाहिले, आणि कित्येक महिन्यांनी ती मोठ्याने हसली. "बाई," ती म्हणाली, "ते कपाट उघडा."

पहिला प्रयत्न फसला. माझ्या जलद बॅटीवरून चेंडू भिंतीवर जाई. बॅट हातातून निसटून पडे. मी समोरून चेंडू टाकत होतो, तेही धड नाही, कधी वेगात तर कधी फिरकी देऊन. सवय जात नाही. क्लबातली चार माणसे बघत होती. तिने बॅट टेबलावर ठेवली. "मला लोकांसमोर नको," एवढेच म्हणाली.

हॉल सकाळी रिकामा असतो. किल्ली चिकटकडे असे. मी त्याच्याकडे गेलो आणि कारण न सांगता किल्ली मागितली. तो स्वतःच उघडायला आला. तिचा हात पाहिला आणि ती पट्टी गुंडाळलेली बॅट घेऊन टेबलाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही फक्त बॅट पुढे धरा. बॉल तिथे आणून द्यायचं काम माझं."

आणि त्याने आणून दिला. तिचा चेंडू कुठेही जावो, याचा परत येणारा चेंडू त्याच जागी, त्याच उंचीवर, त्याच संथपणे. ज्या गोष्टीने मी इतकी वर्षे कातावलो होतो, ती मी खुर्चीत बसून पाहत होतो आणि मला समोरचे नीट दिसेनासे झाले.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होत. मी रोज कपाटातली फळी-रबराची एक नवी जोडी काढून नेत असे. ती खेळून सांगे. नकाशावालीची नजर होती. "ही टोकाला जड आहे." "हिचा आवाज कोरडा आहे." "हिच्यावर बॉल थांबतच नाही, घाईत आहे ही." मला उभ्या जन्मात असे बोलणारे कोणी भेटले नव्हते. मी संथ, मऊ, जाड स्पंजाचे रबर शोधले. ते चुकीचे निघाले म्हणून मी फार वर्षांपूर्वी बाजूला टाकले होते. सर्वांत हलकी फळी काढली. राहिली मूठ. ती तिच्या हातात गोल फिरे.

मग मी माझा जुना धंदा कामाला लावला. जबड्याचा ठसा घेतात त्या लापशीत तिच्या मुठीचा ठसा घ्यायचे ठरवले. हात थरथरायचा आणि ठसा पुसट यायचा. व्यायामाच्या बाईंनी सुचवले, "हात रिकामा असला की जास्त हलतो. त्याला काम द्या." मी पत्नीला म्हटले, "पट्टी दाबून रेघ ओढायची आहे असं धर." तिने धरले. ओठ मिटले, मान किंचित वाकडी केली, जशी ती टेबलाशी बसलेली मी पूर्वी पाहत असे, आणि हात शांत झाला. ठसा इतका स्पष्ट आला की तिच्या बोटांच्या पेरांच्या रेघा त्यात दिसत होत्या.

त्यावरून मूठ घडवली. माझ्याकडे कवळ्यांचेच साहित्य, त्यामुळे तिचा रंग गुलाबी आला. मुलीने पाहिले आणि म्हणाली, "आई, तुझ्या बॅटला हिरड्या आल्यात."

त्या बॅटने ती खेळायला लागली तेव्हा काहीच बोलली नाही. मी वाट पाहत होतो, टोक जड आहे का, मूठ बोचते का. ती नुसती खेळत राहिली. चेंडू येत होता तोवर हात थरथरत नव्हता. शेवटी चिकटनेच घाम पुसत म्हटले, "वहिनी, जरा थांबू या का?"

आजार गेलेला नाही, जाणारही नाही. पण ती आता लोकांसमोर खेळते, आणि घरी आलेल्यांना चहा स्वतः देते. सांडला तर सांडला.

आणि ती बॅट मिळाल्यावर दोन महिन्यांनी एका सकाळी हॉलच्या वाटेत तिने मला विचारले, "अहो, ती निळ्या कडेची फळी आहे ना आतल्या खणात, ती एकदा लावून बघू या? मला वाटतं ही जरा संथ पडतेय." मी तोंड दुसरीकडे वळवले. एवढा आनंद रस्त्यात दाखवणे बरे दिसले नसते.

कलम ६. या सगळ्यात मला एकच चिंता उरली होती: मी नसलो तर तिला हॉलपर्यंत घेऊन कोण जाईल आणि समोर कोण उभे राहील. चिकट तसे करील असे मी मूळ मसुद्यात लिहिले होते. वकीलबाई म्हणाल्या, "वस्तू देता येते. माणूस वारशात देता येत नाही."

म्हणून मी त्याला जाऊन विचारले. तो आपली बॅट ओल्या फडक्याने पुसत होता.

"कागदात नको लिहूस," तो म्हणाला. "तू असताना मी येतोच ना? मग तू नसल्यावर न यायला काय झालं?"

मग फडके पिळत म्हणाला, "आणि तू असणार आहेस. उगाच माझ्यावर ढकलू नकोस."

तरी मी लिहीत आहे. हा हुकूम नव्हे. त्याने केले आहे त्याची ही पोच आहे. कपाटातील एक नवे कोरे, पाकिटातून न काढलेले रबर मी त्याला देतो. तो ते लावणार नाही हे मला माहीत आहे.

कलम ७. उरलेल्या सर्व बॅटी, फळ्या, रबरे, डिंक आणि कात्र्या पत्नीच्या.

येथे मी एक अट घातली होती, ती खोडली आहे. अट अशी होती: "पत्नीच्या मापाने केलेली गुलाबी मुठीची बॅट जशीच्या तशी ठेवावी, तिच्यात कोणीही कसलाही बदल करू नये." वाटले होते, माझ्या हातून एकदा तरी कायमची वस्तू झाली.

पत्नीने काल मसुदा वाचायला घेतला. कागद हातात हलत होता म्हणून तिने तो टेबलावर सपाट ठेवला आणि पट्टीने ओळ धरून वाचला. या अटीशी थांबली.

"हे काढा," ती म्हणाली.

"का गं? चांगली बसलीय ना?"

"आज बसलीय. हात असाच राहणार आहे का माझा? डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हीही ऐकलंय." ती शांतपणे बोलत होती. "हात बदलेल तशी बॅट बदलावी लागेल. ते मी बघीन. मला चिकटवायचं कसं तेवढं शिकवा."

मी वर्कशॉपमधून शिकंजा आणला. दुपारभर आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. पहिले रबर तिरके बसले. तिने ते सोलून काढले आणि दुसऱ्यांदा लावले. कडा कापताना मी कात्री धरायला पुढे झालो, तर तिने माझा हात बाजूला केला. फार वेळ लागला. कड थोडी नागमोडी आली. तिने बॅट वर धरली, डोळा बारीक करून कडेवरून पाहिले, आणि म्हणाली, "चालेल. उद्या खेळून बघते."

तरी अट खोडली असे समजावे, आणि बदल करण्याचा संपूर्ण अधिकार तिचा. शिकंजाही आता कलम २ मधून वगळून तिला दिला आहे. सहकारी बाईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "न्या की."

हा कागद मी वाचून पाहिला. यात लिहिले आहे ते सर्व मला मिळाले होते, आणि ते पुरेसे होते, यासाठी सही करतो.

ठिकाण : राहते घर, जेवणाच्या टेबलाशी
दिनांक : वकीलबाईंसमोर स्वहस्ते घातला आहे

सही : मृत्युपत्र करणार, कवळीवाले

आमच्यासमोर त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली :

१. व्यायाम शिकवणाऱ्या बाई
२. क्लबचे सेक्रेटरी

खोडलेल्या मजकुरावर व शिकंज्याच्या दुरुस्तीवर मृत्युपत्र करणाराची व दोन्ही साक्षीदारांची लहान सही आहे. खोडण्याची रेघ त्यांच्या सांगण्यावरून त्यांच्या पत्नीने ओढली. ती पट्टी न लावता ओढलेली आहे.