सरासरीत दुसरा

सातारा,
२० मार्च १९४६

तीर्थरूप दादांस,
मधूचा साष्टांग नमस्कार.

आईचा गुडघा आता बरा आहे. वहिनींनी पाठवलेली हळद पोचली. असा रंग साताऱ्यात बघायला मिळत नाही, असं आई दोनदा म्हणाली.

तुमचं पत्रही पोचलं. ते मात्र आईला वाचून दाखवलं नाही. हातातली नोकरी घालवलीस, शेठजींसमोर मला मान खाली घालायला लावलीस आणि घरी न येता परस्पर गाडी पकडलीस, असं तुम्ही लिहिलंत. सगळं खरं आहे. तरी मी माफी मागणार नाही.

क्रिकेटच्या हंगामात ज्याची फलंदाजीची सरासरी सर्वांत जास्त, त्याला तुमचे शेठजी कारखान्यात जागा देणार होते. शेवटच्या सामन्यापर्यंत मी पहिला होतो. "ताप आलाय असं कळव, सांगलीला येऊच नको," असा तुमचा निरोप होता. मी आलो. आणि सांगलीच्या नानासोंनी त्या सामन्यात शतक ठोकून मला मागं टाकलं. आता नॉट आऊट राहिलो तरच मी पुन्हा पुढं जाणार होतो.

शेवटची ओव्हर तुम्ही तंबूतून पाहिलीत. जिंकायला दहा धावा हव्या होत्या आणि आमची शेवटची जोडी खेळत होती. तुम्ही आमच्या बाराव्या गड्याच्या, आप्पासोंच्या हाती पाणी पाठवलंत आणि पाण्याबरोबर निरोप: "नुसता उभा राहा. सामना अनिर्णित सुटू दे."

माझ्यासमोर उंब्रजचा कृष्णात होता, लष्करातून नुकताच सुटून आलेला. त्याला बॅट धड धरता येत नाही. बरगडीवर चेंडू खाऊन तो गडी माझ्यासाठी टिकला होता. आप्पासो गेल्यावर तो जवळ आला.

"ऱ्हायचं का मारायचं रं?"

"मारायचं."

"आन् तुजी नोकरी?"

"तू फक्त धावायला तयार राहा."

तो हसला. "चल मग गड्या!"

दोन चौकार गेले. तिसराही गेला असं वाटलं, पण नानासोंनीच सीमेवर झेल घेतला. एका धावेनं आम्ही हरलो. सामना गेला, पहिला नंबरही गेला. वाईट फार वाटलं, दादा. पण लाज वाटली नाही. नुसता उभा राहून ती जागा मिळवली असती, तर कृष्णातकडे मला वर मान करून बघता आलं नसतं.

आता चारुलतेविषयी. "नोकरी गेली तसं स्थळही गेलं," हे वाक्य तुम्ही पत्राच्या शेवटी एवढ्या बारीक अक्षरात का लिहिलंत? मीही ते शेवटावर ढकललंच म्हणा. तिच्या वडिलांनी नकार कळवला, हे खरं. त्यानंतर परवा भरदुपारी ती एकटी आमच्या घरी आली. आई गहू निवडत होती. चारुलता तिच्या सुपाशेजारी बसून म्हणाली, "नकार बाबांचा आहे. मला कोणी विचारलं नव्हतं." आईनं सूप बाजूला ठेवलं आणि तिच्या हातावर गूळ ठेवला.

उंब्रजच्या शाळेत मला मास्तरकी मिळाली आहे. लग्न वैशाखात, आपल्याच अंगणात. कन्यादान तिचे मामा करतील. आपले वडील असते तर त्यांना विचारलं असतं. ते नाहीत, म्हणून तुम्हाला हे पत्र. पाटावर माझ्या मागं तुम्ही उभं राहावं, असं मनापासून वाटतं. नाही आलात तर आई उभी राहील. तारीख बदलणार नाही.

वहिनींना नमस्कार. मुलांना घेऊन या.

आशीर्वाद मागणारा, परवानगी न मागणारा,
तुमचा धाकटा भाऊ
मधू