लोण्याच्या वासाची खोली

११ नोव्हेंबर
निघालो होतो गोव्याला, उतरलो बारामतीत! एमआयडीसीतून जाताना बसच्या खिडकीतून लोण्याचा असा काही वास आला की पिशवी उचलली आणि खाली. वासामागं गेलो तर लहानसा कारखाना. आत लोणी थेंबभर नाही; वेफर्सवर, पॉपकॉर्नवर भुरभुरायची पिवळी भुकटी बनते. सुपरवायझर संभाजीरावांनी दारातच विचारलं, काम करतो का. म्हटलं, करतो की. थंडी इथं काढायची, मग समुद्राच्या कडेनं चालत सुटायचं. मी कुठंच फार टिकत नाही. शाळेतही टिकलो नाही.

१३ नोव्हेंबर
मिक्सिंगच्या खोलीत सोपानतात्यांच्या हाताखाली आहे. नव्या माणसाच्या जिभेवर चिमूटभर भुकटी ठेवायची इथली रीत. संभाजीरावांनी स्वतः ठेवली. खायचीच वस्तू हाय, भ्यायचं न्हाय, म्हणाले. खारट-गोड, झकास! खोलीतला पंखा मात्र बंद, नाहीतर माल उडतो. दारही बाहेरूनच उघडतात, बाहेरची घाण आत यायला नको म्हणून. तात्यांच्या छातीत शिट्टी वाजते. संभाजीराव त्यांना बासरी म्हणतात. तात्या म्हणतात, तुमच्या लग्नात फुकट वाजवतो, आधी पोरगी तर मिळू द्या.
राहायलाही तात्यांकडंच, कळस गावात. त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून जायचं-यायचं. त्यांची बायको फुलाबाई मावशी मला हुंगून म्हणाली, आता घरात दोन लोण्याचे गोळे झाले. कुत्रं तर माझे हात चाटून दमलं.

४ डिसेंबर
चहाला बाहेर जायचं तर कोट, टोपी, बूट सगळं बदलावं लागतं. कोण करणार! आम्ही आतच बसतो, तोंडावरचं फडकं खाली ओढतो आणि तात्यांनी लपवून आणलेला गूळ खातो. गुळानं छाती धुऊन निघती, पोरा, असं तात्या म्हणतात. सगळेच म्हणतात. झरोक्यातून ऊन येतं, त्यात भुकटी सोन्यासारखी तरंगते. बघत बसलो तर गूळ हातातच विरघळला.

२ जानेवारी
सुट्टी. माळावर चिंकारा दिसला. काय डोळे! मागं धावलो आणि लगेच खाली बसलो. दम. खोकला कोरडाच आहे. मावशीनं गूळ वाढवून दिला.

१९ जानेवारी
तात्या आजारी, मी खोलीत एकटा. तरी त्यांची शिट्टी ऐकू येत होती. मिक्सर बंद केला. चालूच. पोत्यांमागं बघितलं, मिक्सरच्या खाली वाकलो. माझ्यामागं फिरत होती. ऐकायला म्हणून श्वास रोखला—
शिट्टी थांबली.
श्वास सोडला, परत सुरू.
दार बडवलं. संभाजीरावांनी किती वेळानं उघडलं. हसत म्हणाले, काय रं, भूत बघितलं व्हय?

६ फेब्रुवारी
काम सोडलं. तात्यांना घेऊन इंदापूरला डॉक्टरीणबाईंकडं गेलो. दोघांनाही नळीत फुंकायला लावलं. मी सांगितलं, खायचीच वस्तू आहे, बाई. त्या म्हणाल्या, पोट पचवतं, छाती पचवत नाही. आत बारीक बारीक नळ्या असतात, त्यांच्या अस्तरातल्या पेशी त्या वासानं, त्या धुळीनं मरतात. तिथं वण भरतो, नळी बुजते. बुजलेली उघडत नाही.
तात्यांनी विचारलं, आणि गूळ?
त्यांनी नळी पुसून डब्यात ठेवली.

१५ फेब्रुवारी
पिशवी भरली. गोवा. समुद्राची हवा लागली की—
फाट्यापर्यंत बसत बसत गेलो. बस आली. एक पायरी चढलो, दांडीला धरून उभा. कंडक्टर ओरडला, चढतो का उतरतो? तोंड उघडलं. शिट्टी आली. बसमधल्या बाया हसल्या.
बस गेली. खोली सोडून आलो म्हणत होतो. खोली माझ्या आतच आहे. तिचा पंखा बंद आहे.

२० फेब्रुवारी
संभाजीराव बघायला आले. गूळ घेऊन. नवा माणूस मिळाला म्हणाले, चिमूट त्याला ग्वाड लागली. सांगायचं होतं, त्याला काढा तिथनं. शब्द निघेना. त्यांनी पाठ थोपटली. जाताना तेही खोकले. कोरडं.

२४ फेब्रुवारी
ओसरीवर दोन खाटा. तात्या आणि मी. बोलवत नाही, म्हणून लिहितो. मावशी आत मेथी निवडते. शिट्ट्या ओळखते, तात्यांची जाड, माझी बारीक. दोन्ही वाजतात तोवर निवडत राहते.
अंगाला अजून लोण्याचा वास. कुत्रं आता जवळ येत नाही.

२६ फेब्रुवारी
दुपार. एकच शिट्टी.
जाड.
मावशीचा हात थांबला. आतून विचारते, कोण थांबलं रं?
तात्यांची छाती हलतेय. मी ओढतोय, ओढतोय, आत काही—