खालचा आवाज

३ तारीख, सोमवार

लागली एकदाची नोकरी! ताईनं वरची खोली झाडूनपुसून दिलीय. खिडकीला तिचा जुना पडदा लावलाय, तो जरा आखूड आहे, पण चालतंय. भावजी सकाळपासून एकच विनोद करताहेत की, हिला बोलायचे पैसे देणारं कुणीतरी भेटलं बाबा. खोटं नाही ते. मेंदूची चित्रं काढणाऱ्या संशोधन केंद्रात माझं काम बोलण्याचंच आहे. एमआरआयच्या बोगद्यात माणूस आडवा झाला की अगदी एकटा पडतो, आणि यंत्र तर पत्र्यावर हातोडे मारल्यासारखं वाजतं. काचेपलीकडे बसून मी त्याच्या हेडफोनमध्ये बोलायचं. आता आवाज होईल, घाबरू नका, छान चाललंय. बटणं तंत्रज्ञ दाबतो, धीर मी देते. मुलाखतीत डॉक्टरबाईंनी फक्त एक उतारा वाचायला लावला आणि म्हणाल्या, आवाज मऊ आहे, कामाला याच.

स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसांचा मेंदू इतरांपेक्षा लवकर म्हातारा होतो का, आणि होत असेल तर ते थोपवता येईल का, हे इथं शोधताहेत. एका बैठकीत सगळी चित्रं निघत नाहीत, म्हणून प्रत्येकाला काही आठवडे बोलावतात. दुपारी माझी वाक्यं रेकॉर्डही केली. इतर गावांतल्या केंद्रांत तीच वाजणार आहेत. ताईनं शेजारणीला हाक मारून हे सांगितलं. मी लटकंच रागावले.

५ तारीख, बुधवार

आज माझे पहिले पाहुणे आले. पन्नाशीचे एक शिंपीकाका. तरुणपणी त्यांना आवाज ऐकू यायला लागले, औषधांनी बरेच कमी झाले. अजूनही घरी बसून उशांचे अभ्रे शिवतात. बरोबर थोरली बहीण होती, तिला सगळे अक्काच म्हणतात. घड्याळ, पट्टा, किल्ल्या असं सगळं मी ट्रेमध्ये काढून घेतलं. काकांच्या शर्टाची बटणं एकेक घर सोडून लावलेली. शिंपी असून! मला मनातल्या मनात हसू फुटलं. बावळट ध्यान, म्हटलं. तोंडानं मात्र, या काका, अगदी पाच मिनिटांचं काम आहे.

बाहेर आल्यावर ते अक्काला म्हणाले की बाईंचा आवाज चांगला आहे. दिवस छान गेला.

१२ तारीख, बुधवार

काका आत झोपले होते तेव्हा अक्का माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, त्याचे जुने आवाज गेले, आता घरी फक्त तुमचा येतो. डॉक्टरबाईंनी नंतर समजावलं की असं होतं, कानावर जे पडतं तेच मन उचलतं, तू मनाला लावून घेऊ नकोस. मी तोपर्यंत हसत अक्काला विचारून बसले होते की मी घरी येऊन बोलते तरी काय.

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, बावळट ध्यान म्हणता. बटणं लावता येत नाहीत म्हणून.

कान तापले माझे. मी हे तोंडातून काढलेलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं. तंत्रज्ञाला विचारलं, माईक आपोआप चालू राहतो का? त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, बटण दाबल्याशिवाय नाही. आणि काकांच्या शर्टाची बटणं बघितली तेव्हा तर मी ट्रे घेऊन बाहेरच्या खोलीत होते.

काकांनी आज डोक्यातून घालायचा सदरा घातला होता. त्याला बटणंच नव्हती.

१९ तारीख, बुधवार

आठवडाभर चांगलंच मनात आणायचं ठरवलं होतं. काका गुणी आहेत, काका कष्टाळू आहेत. शाळेतल्या पाठांतरासारखं घोकलं.

आज जाताना ते काचेजवळ थांबले. अगदी हळू, मलाच वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाले की एवढे कष्ट नका घेऊ. वरून गोड बोलता, पण खाली हसता. खालचा आवाज जास्त स्पष्ट येतो.

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. ताईला सांगावं वाटलं, पण काय सांगू? ती तर गल्लीभर सांगत फिरतेय की आमची धाकटी आजारी माणसांशी किती मायेनं बोलते.

२० तारीख, गुरुवार

डॉक्टरबाईंनी काकांच्या मेंदूचं चित्र पडद्यावर दाखवलं. वळ्या बारीक झालेल्या, मधल्या काळ्या फटी रुंदावलेल्या. चित्रावरून संगणक वय सांगतो. त्यानं काकांना सत्तरीचं केलं. बाई म्हणाल्या, हा अंदाज आहे, निकाल नव्हे. असा मेंदू घेऊनही माणसं संसार करतात, कामं करतात. मी सगळं ऐकत होते. जेवण झालं नव्हतं, डोकं दुखत होतं, आणि मागून कुठून तरी एक विचार आला की, अशा डोक्यानं सकाळी उठायचं तरी कशाला?

आला तसा गेला. कुणाला कळलंही नाही.

नसेल ना कळलं?

२१ तारीख, शुक्रवार

पुढच्या तारखेचं निमित्त काढून अक्काला फोन केला. काका उठलेले नाहीत. कालपासून. डोळे उघडे आहेत, बोलावलं की बघतात, पण उठत नाहीत. चमच्यानं पाणी पाजतेय म्हणाली.

डॉक्टरबाईंच्या दारापर्यंत गेले. मग वाटलं, मी काकांकडे पाहिलं तसं त्या माझ्याकडे पाहतील —

परत फिरले.

२४ तारीख, सोमवार

दुसऱ्या केंद्रातून फोन. तिथलेही लोक उठत नाहीत. दुपारी आणखी एका गावाहून. सगळ्यांनी माझी रेकॉर्ड केलेली वाक्यं ऐकलेली.

सांगितलं शेवटी डॉक्टरबाईंना. सगळं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, आठ दिवस सुटी घे म्हणाल्या, त्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे जाऊन ये म्हणाल्या. फार प्रेमानं म्हणाल्या. आणि खाली — खालचंही मला दिसलं.

२५ तारीख, मंगळवार

काकांच्या घरी गेले. कॉटवर भिंतीकडे तोंड करून होते. शिलाई यंत्रावर अर्धा अभ्रा तसाच. मी म्हटलं, काका, उठा ना.

म्हणाले, “तुम्ही एकदम दोन गोष्टी बोलताय, बाई. कुठली ऐकू?”

मग मी सांगितलं. बटणांवर हसले ते. बावळट म्हटलं ते. आणि चित्र बघून काय मनात आलं ते, शब्दाला शब्द. अक्का दारात पातेलं धरून उभी. तिच्यादेखत.

ते भिंतीकडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, आता एकच आवाज येतोय. हात टेकून उठून बसले. चहा मागितला.

अक्कानं मला चहा विचारला नाही. मी उंबऱ्याबाहेर पडताच दार लावलं. बरोबर केलं तिनं.

२६ तारीख, बुधवार

काका उठल्याचं कळल्यावर डॉक्टरबाईंनी न उठलेल्यांची यादी काढली. फोन माझ्यापुढे सरकवला. रेकॉर्डिंग सगळीकडे बंद करायला लावलंय, पण ऐकलेलं कसं पुसणार?

एकेका घरी फोन. कुणाची आई, कुणाची बायको फोन त्या माणसाच्या कानाशी धरते. तीही ऐकत असते. मी सांगते — तुमच्या माणसाबद्दल मी असं म्हटलं. एकीनं मध्येच शिवी घालून ठेवून दिला. तिचा मुलगा उठला नाही.

काहीजण उठले.

२७ तारीख, गुरुवार

घसा बसलाय. ताईनं विचारलं, एवढं कुणाशी बोलतेस, रडतेस कशाला? तिलाही सांगितलं. ती ताट ठेवून खाली गेली. भावजींचा आवाजही नाही.

अजून नंबर. अजून. प्रत्येक वेळी पहिल्यापासून तेच —

शुक्रवार

लिहितेय म्हणजे हात चालतो, डोकं नाही. काही मनात आणायचं नाही. पडदा. भिंत. पडदा.

डॉक्टरबाईंचा निरोप — आणखी एक केंद्र. तिथं तर सगळेच —

नको आता. किती लाज काढून घ्यायची माणसानं? थोडे उठले ना. मी एकटी कुणाकुणाला पुरी पडू. बाकीचे मरू दे —