कावळ्याच्या जागी फुलपाखरू

छावणी, छत्रपती संभाजीनगर

ती. वन्संना उमाचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? (माझा आवाज ऐकला की तुमचा फोन कटतो, म्हणून पत्र.)

आईंच्या दहाव्याला तुम्ही आला नाहीत, त्याचं मनात काही नाही. त्यांनी तुम्हाला कुकर दिला आणि शिट्टी ठेवून घेतली, तेव्हापासून अकरा वर्षं तुम्हा मायलेकींचा अबोला. पण त्या दिवशी घडलं ते तुम्हाला कळायला हवं.

खाम नदीच्या काठी पिंड ठेवले, शेजारी काळं पडलेलं केळं. (ताजं केळं आईंनी जन्मात खाल्लं नाही, आधी कालचं संपवायचं, तोवर आजचं कालचं व्हायचं.) कावळा मात्र एक नाही. घाटावरचा फकिरा म्हणाला, "आज इतवार हाय बाई. समदे मटणाच्या दुकानाकडं गेलेत." तुमच्या भावानं हात जोडून घर रंगवायचा शब्द दिला, मग तंबाखू सोडायचा. काही उपयोग नाही. गुरुजींना पुढं आणखी एक दहावा होता. ते दर्भाचा कावळा वळायला बसले. तेव्हा मी पुढं झाले. म्हटलं, "आई, वन्संना मी माहेरी आणते."

आणि वन्सं, एक मोठं फुलपाखरू झेंडूच्या हाराकडं ढुंकूनही न बघता थेट पिंडावर बसलं! मागून आणखी चार. एक पलीकडच्या शेणावर, एक गुरुजींच्या घामेजल्या पाठीवर. गुरुजी म्हणाले, "शास्त्रात कावळा सांगितलाय." फकिरा म्हणाला, "आजीच हाय ती. बघा की, शिळंच खातीय." शेवटी गुरुजी नमले: चालेल, पण दिलेला शब्द पाळला तरच.

मी हसले. मग दहा दिवस न आलेलं रडू आलं, तर एक फुलपाखरू माझ्या डोळ्याखाली बसून ते पिऊ लागलं. मी हलले नाही.

तुमची,
उमा

ता.क. शब्द तुम्हाला न विचारता दिलाय. महिन्याच्या श्राद्धाला या.

ता.क. दुसरा. शिट्टी आईंच्या देव्हाऱ्यात सापडली, घासूनपुसून ठेवलेली. ती न्यायला तरी तुम्ही याल, असा त्यांचा बेत असावा. माझाही तोच आहे. पोस्टानं पाठवणार नाही.

ता.क. तिसरा. गुरुजींना सांगू नका. शब्द देण्याआधी, सगळे आभाळाकडं बघत असताना, मी अर्धं केळं पिंडात दाबलं होतं. (काही फुलपाखरांना फुलांपेक्षा सडकं फळ, शेण, घाम प्यारा, हे मी शाळेत दरवर्षी शिकवते.) पण डोळ्याखाली मी काही लावलं नव्हतं.