पहिल्या बाकावर

वेल्सबरो, न्यू इंग्लंड
मे १७९९

एनॉस,

लोक तुला गव्हर्नरसाहेब म्हणोत, पण तुझं शेंबडं नाक मी पुसलंय. रविवारी तू येणार म्हणून प्रार्थनाघरातल्या जागा नव्याने ठरल्या. ज्याचा जसा मान, तसा त्याला बाक. तुला पहिला, मला जिन्याखालचा शेवटचा. प्रार्थनाघराचा कारभार पाहणारा डीकन प्रॅट तोंड वर करून म्हणाला, "टॅबिथाबाई, पळपुट्याच्या विधवेला पुढे कसं बसवणार? त्यातून साहेबांचाच निरोप आहे, तुम्ही घरीच राहिलात तर बरं."

माझा जबेझ पळपुटा? इंग्रजांशी लढाई चालू होती, इकडे बाबा अंथरुणाला खिळले होते आणि शेत पडून होतं. त्याचा कॅप्टन तूच होतास. "दाजी, जा, मका पेरून या, मी सांभाळून घेतो," असं तूच म्हणालास. पेरणी उरकून तो परत पलटणीकडे निघाला आणि वाटेतच तापाने गेला. पळपुट्यांमध्ये त्याचं नाव वाचलं गेलं, तेव्हा तू गप्प बसलास. त्याच मक्याची भाकरी आईने तुला वाढली, तीही गप्प बसून खाल्लीस.

रविवारी मी पहिल्या बाकावर, तुझ्या शेजारी बसणार. मला उठवायला कोणी आलं, की जबेझ घरी का आला होता ते तू उभं राहून सांगायचंस. नाहीतर मी सांगेन, आणि माझा आवाज तुला माहीत आहे.

हे पत्र मात्र चुलीत घालतेय. हल्ल्याची वेळ शत्रूला आधी कळवायची नसते, हे तूच सांगायचास ना?

तुझी थोरली बहीण,
टॅबिथा