चिंचेचं पाणी

२ नोव्हेंबर २०२५
बदलापूरला हेंद्रेपाड्यात खोली मिळाली. घरमालकीण सखूमावशी खाली राहतात, एकट्याच. एवढी शिकलेली बाय, पण अंगावर मूठभर मांस नाही, म्हणून हसल्या. जेवायलाच बसवलं. मावशींचा तांब्याचा हंडा सासरहून आलेला. त्यातल्याशिवाय दुसरं पाणी त्यांच्या घशाखाली उतरत नाही. उद्यापासून अंबरनाथचा कारखाना. खूश आहे.

५ नोव्हेंबर
काम आवडलं. खनिजाच्या चुऱ्यावर आम्ही जिवाणू सोडतो. ते त्यातलं लोखंड आणि गंधक खातात; तांबं सुटतं आणि निळं पाणी खाली उतरतं. दर खेपेला जिवाणूंचं थोडं तपकिरी, आंबट पाणी पुढच्या खेपेसाठी विरजण म्हणून राखायचं. ते बाहेर न्यायला सक्त मनाई आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
शुक्रवारी कारखान्याची वीज बंद. हवेशिवाय विरजण मरेल म्हणून बाटली घरी आणली. माझ्या खोलीतला प्लग चालत नाही, म्हणून माशांच्या टाकीचा पंप लावून मावशींच्या मोरीत ठेवली. त्यांना सांगायचं राहिलं. की टाळलं?

८ नोव्हेंबर
बाटली अर्धी रिकामी. चिंचेचं पाणी समजून मावशींनी त्यानं हंडा घासला. हंडा लखलखतोय. असली चिंच कुठं गावली गं, म्हणून विचारलं. बाजारात, म्हणाले मी. किती सहज म्हणाले.

१२ नोव्हेंबर
हंड्यातल्या पाण्याला निळी झाक. मावशींना उलट्या. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? वडापाव, मावशी म्हणाल्या. मी शेजारी उभी होते. मान डोलावली. खरं सांगितलं तर नोकरी जाईल. या वयात पुन्हा दारोदार फिरायचं. एवढं कारण पुरतं का?

१५ नोव्हेंबर
जिवाणू मरावेत म्हणून हंडा लपवून चुन्याच्या पाण्यात बुडवला. सकाळी पुन्हा जागेवर, काठोकाठ भरलेला. त्याचा पत्रा बोटानं दबतो. मावशी ठणठणीत. असं गोड पाणी जन्मात प्यायले नव्हते, म्हणतात.

१७ नोव्हेंबर
हंडा नाही. जागेवर नुसता निळा ओला डाग. तरी मावशींचा पेला भरलेला. कशातून भरतात ते पाहिलं. त्या पेल्यावर नुसती बोटं धरतात, आणि नखांतून निळं पाणी—

१८ नोव्हेंबर
आज सांगणारच. लिहून काढते, म्हणजे बोलताना शब्द फिरवता येणार नाहीत.
मावशीच वर आल्या. दारात उभ्या आहेत, पेला घेऊन. माझं लिहून व्हायची वाट बघताहेत. तोंड किती सुकलंय गं बाय, म्हणाल्या, घोटभर पी.
नको म्हटलं, तर का ते सांगावं लागेल.
आणि सांगवत नसेल तर—