बाबांचा चढा आवाज

रविवार, संध्याकाळ. नारपोली

आईनं टाळी वाजवली नाही, तेच डोक्यात बसलंय. आज बाबांच्या स्मृतिदिनाला विहारात मी त्यांची पाळण्याची कविता वाचली. 'सांगा, पाळणा कुणी रिकामा केला?' ते जयंतीला वाचायचे तशीच वाचली, मूठ वळून, गरजत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई तेवढी मांडीत हात ठेवून बसली होती.

घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाली, "भांडल्यासारखी कशाला वाचलीस गो?"

"बाबा तशीच वाचायचे ना."

"त्यांचा आवाजच तसा झाला होता. जन्म लूमच्या खडखडाटात गेला, हळू बोलणं जमायचंच न्हाय. तुझ्या आधीचं बाळ गेलं, तेव्हा ही कविता पहिल्यांदा माझ्या कानात म्हटली होती. त्यांना वाटलं, हळूच म्हटली. अख्ख्या चाळीनं ऐकली."

मी नववीला कवितेचा सूर शिकवते. कवीचा हेतू स्पष्ट करा, चार गुण. आणि घरातल्याच कवितेचा... बाबा सरकारला जाब विचारतायत, असंच समजत आले. मग जयंतीला तरी का वाचायचे ते? कुठेतरी मोठ्यानं रडता यावं म्हणून? आता कोणाला विचारणार.

मघाशी आईच्या कानाशी बसून हळू वाचून पाहिली. पहिल्या ओळीपुढे जाताच आलं नाही. बाकीची आईनंच म्हटली, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. हात तसेच मांडीत होते.